भाज्याच्या पायऱ्या आणि भिक्खूची काठी

१/
मळवली स्थानकावर उतरावे, द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडावा आणि भाजे गावातून डोंगराच्या पायथ्याशी यावे. येथून पायऱ्या सुरू होतात. गावापासून लेणी सुमारे चारशे फूट उंचावर आहेत. पावसाळ्यात धबधब्यासाठी येणारी गर्दी त्या धापा टाकत चढते आणि वर पोहोचताच चैत्यगृहाच्या भव्य कमानीसमोर छायाचित्रे काढते. या धाग्यात आपण चैत्यगृहाकडे नंतर वळू. आधी प्रश्न पायऱ्यांचा. दोन हजार वर्षांपूर्वी येथे जे वृद्ध, अधू दृष्टीचे किंवा गुडघे निकामी झालेले भिक्खू राहत असतील, त्यांचे काय होत असे?

२/
प्रश्न काल्पनिक नाही. तो भाज्याच्या दगडातच कोरलेला आहे. चैत्यगृहाच्या दक्षिणेला चौदा स्तूपांचा समूह आहे. पाच स्तूप खडकाच्या आत, नऊ बाहेर. हे पूजेचे मुख्य स्तूप नव्हेत, येथे वास्तव्य केलेल्या आचार्यांची ती स्मारके आहेत. त्यांपैकी काहींवर ब्राह्मी लिपीत नावे आहेत: अंपिकिणक, धंमगिरि, संघदिन. प्रत्येक नावामागे एकच उपाधी येते, 'थेर'.

३/
थेर म्हणजे स्थविर. संघात किमान दहा वर्षे काढलेला ज्येष्ठ भिक्खू असा त्याचा तांत्रिक अर्थ. पण शब्दाच्या मुळाशी वार्धक्यच आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात खोदायला सुरुवात झालेल्या या डोंगरावर माणसे म्हातारी झाली आणि येथल्या संघाने त्यांची स्मृती दगडात जपली. पावसाचे तीन महिने भिक्खूने एका जागी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. मावळातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ओल्या, शेवाळलेल्या कातळावर अधू पायांनी वावरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

४/
संघाने याचा विचार केला होता का? केला होता, आणि तो लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. त्यासाठी लेणी सोडून विनयपिटकाकडे जावे लागते. विनय म्हणजे भिक्खूसंघाची नियमावली. निकायागणिक तिच्या प्रती थोड्या वेगळ्या आहेत, पण सांगाडा सारखाच. संपूर्ण रूपात मूळ भारतीय भाषेत टिकलेला विनय पाली परंपरेचा, म्हणून येथे तोच आधाराला घेतला आहे.

५/
विनयातील 'चुल्लवग्ग' या भागात इमारतींचे नियम आहेत आणि ते वाचताना क्षणभर आपण सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी फाईल चाळत आहोत असा भास होतो. इमारतीचा पाया खाली असल्याने आत पाणी शिरते, म्हणून जोते उंच करण्याची अनुमती मिळते. जोते उंच झाल्यावर चढायला त्रास होतो, म्हणून विटांच्या, दगडाच्या किंवा लाकडाच्या पायऱ्यांची अनुमती. पुढे तक्रार येते की पायऱ्या चढताना लोक पडतात. यावर बुद्धांचे उत्तर 'जपून चढा' असे नाही. ते पायऱ्यांना 'आलंबनबाहु' लावण्याची अनुमती देतात. आलंबनासाठी बाहू, म्हणजे आधाराचा हात. आज आपण ज्याला कठडा म्हणतो, तोच हा.

६/
चंक्रमाची, म्हणजे भिक्खूंच्या येरझाऱ्यांच्या वाटेची, कथाही अशीच. वाट खडबडीत असल्याने पाय दुखतात, तर ती सपाट करा. चालताना लोक कडेवरून पडतात, तर कडेला वेदिका बांधा. नियमांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी कोणी तरी पडतो, मग तक्रार होते, मग रचना बदलते. पडणाऱ्याला दोष दिलेला नाही.

आता भाज्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाकडे पाहा. कमानीभोवती, सज्जांवर, जागोजागी वेदिकेची नक्षी कोरलेली दिसेल. उभे खांब, आडव्या सूची. स्तूपाभोवतीच्या पवित्र कुंपणाची ती प्रतिकृती, हे खरेच. पण याच नावाची वस्तू भिक्खूच्या रोजच्या जगण्यात माणसाला पडण्यापासून वाचवीत होती, ही जाणीव ठेवून पाहिले की नक्षी थोडी वेगळी दिसू लागते.

७/
काठीचा नियम याहून बोलका आहे. निरोगी भिक्खूने काठी आणि शिंके घेऊन हिंडणे विनयाला मान्य नव्हते. मग ज्याला काठीवाचून चालताच येत नाही, त्याने काय करायचे? त्याच्यासाठी 'दंडसंमुती' आहे. आजारी भिक्खूने संघापुढे यावे, उपरणे एका खांद्यावर घ्यावे, वडीलधाऱ्या भिक्खूंच्या पायाशी वंदन करावे, उकिडवे बसावे, हात जोडावेत आणि आपली अडचण सांगून तीन वेळा याचना करावी. मग संघात रीतसर प्रस्ताव मांडला जाईल, आणि कोणी हरकत घेतली नाही तर काठी मंजूर.

ज्याला उभे राहणेही जड, त्याला उकिडवे बसवून तीनदा विनंती करायला लावणारी ही पद्धत वाचली की अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयातील रांग आठवल्यावाचून राहत नाही. सवलत आहे, पण ती मिळवण्यासाठी आपली असमर्थता चारचौघांत सिद्ध करावी लागते. हा प्रशासकीय स्वभाव फार जुना आहे.

८/
अशा सवलती आणखी सापडतात. गावात पादत्राणे घालून जाऊ नये, आजारी भिक्खूला मात्र मोकळीक. वाहनात बसू नये, पण बुद्धांच्या दर्शनाला श्रावस्तीकडे निघालेला एक भिक्खू वाटेत आजारी पडला. लोक गाडी देत असतानाही नियमभंगाच्या भीतीने तो बसला नाही. त्या प्रसंगानंतर आजाऱ्यांसाठी वाहनाची अनुमती झाली. सर्वांना एकच नियम लावला की काहींवर अन्याय होतो, हे संघाला अनुभवातून कळत गेले.

९/
आता दुसरी बाजू. ती टाळली तर हा धागा इतिहास न राहता जाहिरात होईल.

'महावग्ग' या भागात कोणाला प्रव्रज्या देऊ नये याची एक लांबलचक यादी आहे. हात तुटलेला, पाय तुटलेला, कान-नाक कापलेला, कुबडा, ठेंगू, गलगंड असलेला, एकाक्ष, लंगडा, अर्धांगवायू झालेला, आंधळा, मुका, बहिरा, वार्धक्याने दुर्बळ. यादी तीसच्या आसपास जाते आणि तीत चाबकाचे फटके बसलेले व डागणी दिलेले गुन्हेगारही एकाच दमात मोजलेले आहेत. जन्मजात व्यंग, अपघात आणि राजदंडाची खूण यांत फरक केलेला नाही. संघ समाजाच्या भिक्षेवर जगत होता. समाजाच्या नजरेत संघाची प्रतिष्ठा टिकावी, ही चिंता या यादीमागे स्पष्ट दिसते.

१०/
रोगांविषयीचा नियम तर एका वैद्याच्या तक्रारीतून आला. मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार या पाच व्याधी बळावल्या होत्या. राजवैद्य जीवक राजघराण्यावर आणि संघावर उपचार करी, इतरांना त्याच्याकडे वेळ नव्हता. तेव्हा लोक उपचार मिळावेत म्हणून भिक्खू होऊ लागले आणि बरे होताच चीवर टाकून घरी परतू लागले. जीवकाने बुद्धांना विनंती केली की अशा रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये, आणि तसा नियम झाला.

ही गोष्ट सहसा लोकांच्या लबाडीची म्हणून सांगितली जाते. मला ती आरोग्यव्यवस्थेच्या अभावाची वाटते. औषध मिळवण्यासाठी ज्याला डोके मुंडून संसार सोडावा लागतो, त्याच्या लबाडीपेक्षा त्याची निकड मोठी.

११/
तरीही विनयात एक फट ठेवलेली आहे, आणि अभ्यासकांखेरीज फारसे कोणी तिच्याकडे पाहत नाही. वरील यादीतील हात तुटलेल्या किंवा आंधळ्या व्यक्तीला संघाने प्रवेश दिलाच, तर दोष देणाऱ्यांना लागतो. तो प्रवेश मात्र रद्द होत नाही. माणूस भिक्खू राहतो. आणि ज्याला संघात आल्यानंतर अपंगत्व आले, त्याला बाहेर काढण्याचा प्रश्नच नाही. दार अरुंद होते, पण आत आलेल्याला ढकलून देणारे नव्हते.

१२/
आत आल्यावर अंध झालेल्या भिक्खूंपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे चक्खुपाल थेर. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेला जोडलेली अट्ठकथा त्यांची आहे. वर्षावासात आडवे न होण्याचा त्यांनी निश्चय केला. डोळे आले. वैद्याने नाकात औषध घालण्यासाठी झोपायला सांगितले, ते झोपले नाहीत. दृष्टी गेली, आणि कथेप्रमाणे त्याच क्षणी ते अर्हत झाले. पुढे जेतवनात, पाऊस पडून गेल्यावर पहाटे ते चंक्रमावर येरझाऱ्या घालत होते. पायाखाली किडे चिरडले गेले. पाहुण्या भिक्खूंनी तक्रार केली: डोळे होते तेव्हा झोपून राहिला, आता आंधळेपणी जीवहत्या करतो. बुद्धांनी विचारले, तुम्ही त्याला किडे मारताना पाहिलेत का? नाही. मग त्यानेही ते किडे पाहिले नाहीत. हेतू नाही तेथे दोष नाही.

१३/
कथेचा हा भाग उदार आहे. पण पुढे अट्ठकथा अंधत्वाचे कारण सांगते: मागल्या जन्मी चक्खुपाल वैद्य होते आणि त्यांनी एका स्त्रीचे डोळे मुद्दाम घालवले होते. म्हणजे आजच्या कृत्यापुरते निर्दोष, पण अंधत्व मात्र पूर्वकर्माचे फळ. भारतीय परंपरेचा हा दुहेरी हिशेब पुढची दोन हजार वर्षे चालला. आजही अपंग मूल जन्माला आल्यावर घरात कुजबुजीने जे वाक्य उच्चारले जाते, ते याच हिशेबातले आहे.

१४/
विहारांच्या भिंतींबाहेर काय स्थिती होती? कौटिलीय अर्थशास्त्र घ्या. (त्याचा काळ वादग्रस्त आहे. अनेक अभ्यासक आजची संहिता इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत खाली आणतात, म्हणजे भाजे-कार्ले नांदत होते तोच काळ.) त्यात वाक्पारुष्याचे, म्हणजे शाब्दिक मानहानीचे कलम आहे. एखाद्याला काणा, लंगडा असे म्हटले आणि ते खरे असले तरी तीन पण दंड. खोटे असले तर सहा पण. आणि आंधळ्याला उपरोधाने 'काय सुंदर डोळे आहेत' असे म्हटले तर बारा पण! उपरोधाची शिक्षा सर्वांत जड ठेवणारा हा शास्त्रकार माणसांना चांगलाच ओळखून होता.

१५/
याच ग्रंथात सूत्राध्यक्षाचे प्रकरण आहे. सूतकताईच्या सरकारी खात्याचा हा अधिकारी. काम कोणाला द्यावे? विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, अविवाहित मुली, संन्यासिनी, दंडाच्या बदल्यात काम करणाऱ्या स्त्रिया अशी यादी येते. ज्या घराबाहेर पडू शकत नाहीत पण स्वतःचे पोट स्वतः भरू इच्छितात, त्यांच्याकडे दासींकरवी काम घरपोच पाठवावे, त्यांच्याशी सन्मानाने वागावे, असेही सांगितले आहे. इतकेच नव्हे, सूत आणून देणाऱ्या स्त्रीच्या तोंडाकडे पाहणाऱ्या किंवा कामाखेरीज इतर गोष्टी बोलणाऱ्या अधिकाऱ्यालाही दंड आहे. अपंगांना रोजगार, तोही घरबसल्या, आणि कामाच्या जागी छळापासून संरक्षण! अर्थात हे दयेपोटी नव्हते. राज्याला सूत हवे होते, स्वस्त हात हवे होते. पण अपंग स्त्री कमावू शकते, हे येथे गृहीत धरलेले आहे. 'बिचारी काय करणार' हा सूर त्यात नाही.

१६/
स्मृतिकारांचा सूर वेगळा. याज्ञवल्क्य स्मृतीने पंगू, अंध, जड, उन्मत्त आणि असाध्य रोगी यांना वारसाहक्कातून वगळले. पोटगी द्यावी, वाटा देऊ नये. त्या स्मृतीवर अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, आणि ब्रिटिश न्यायालयांनी महाराष्ट्रासह बहुतेक भारतात तीच हिंदूंचा कायदा म्हणून लागू केली. परिणामी विसाव्या शतकातही जन्मांध मुलाला वडिलांच्या जमिनीत वाटा नाकारता येत होता. १९२८ च्या कायद्याने ही बंदी बरीचशी उठवली आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने रोग वा व्यंग या कारणावरून कोणालाही वारसा नाकारता येणार नाही, असे ठरले. तुमच्या आजोबांच्या हयातीतली ही गोष्ट आहे.

१७/
पुन्हा लेण्यांकडे, पण थोडे उत्तरेला. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर (पांडवलेणी) अभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा एक शिलालेख आहे. काळ इ.स.चे तिसरे शतक. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने तेथील विहारात राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या भिक्खूंपैकी जे आजारी पडतील, त्यांच्या औषधांसाठी कायमची ठेव ठेवली. रक्कम व्यावसायिकांच्या श्रेणींकडे गुंतवली: कुलरिकांकडे एक हजार कार्षापण, ओदयंत्रिकांकडे दोन हजार, शिवाय तेल्यांच्या श्रेणीकडेही. मुद्दल तसेच राहील, व्याजातून औषध. जीवकाच्या काळात जी निकड एका वैद्याच्या सवडीवर अवलंबून होती, तिच्यासाठी महाराष्ट्रातल्या एका स्त्रीने निधी उभा केला.

१८/
भाज्याचे दाते इतके बोलत नाहीत. त्यांचे लेख एक-दोन ओळींचे. पण एका हालिकाच्या, म्हणजे नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या पत्नीचे दान येथे आहे, आणि महारठी कोसिकिपुत विण्हुदत याने दिलेली पोढी, म्हणजे पाण्याचे टाके आहे. मला हे टाके फार महत्त्वाचे वाटते. पाणी खाली दरीत असते तर रोज चारशे फूट उतरणे-चढणे आले, आणि म्हाताऱ्या भिक्खूचे जगणे तरुणांच्या मर्जीवर राहिले असते. खोलीपासून थोड्या पावलांवर, त्याच पातळीत पाणी असणे ही थेरांच्या दृष्टीने चैत्यगृहाच्या सत्तावीस अष्टकोनी खांबांइतकीच मोठी स्थापत्यकृती होती.

१९/
थोडे विषयांतर. स्तूपसमूहाच्या पुढच्या विहारात ते प्रसिद्ध शिल्प आहे: रथात आरूढ पुरुष, दोन्ही बाजूंना स्त्रिया, चाकांखाली महाकाय आकृती. बहुतेक जण त्याला सूर्य म्हणतात, काही अभ्यासक त्यात मांधात्याची कथा पाहतात. सूर्य म्हटला की पुराणांतला त्याचा सारथी आठवतो, मांड्यांविना जन्मलेला अरुण. मराठी लोकपरंपरेत पहाटे अंधारातच दान मागत फिरणारा 'पांगुळ' याच अरुणाच्या नावाने येई. एकनाथांनी भारुडांत पांगुळाला, आंधळ्याला, बहिऱ्याला, मुक्याला बोलते केले. तेथे ही व्यंगे रूपके आहेत, खरी माणसे नव्हेत. रूपकांच्या गर्दीत खरा पांगळा माणूस आपल्या साहित्यात फार उशिरा आला. जगाला रोज उजेडात आणणारा सारथी पांगळा आहे, ही कल्पना मात्र कोणाच्या तरी डोक्यात आली होती, एवढी नोंद असू द्या.

२०/
"प्राचीन वास्तू अपंगांसाठी नव्हत्याच, आता काय करणार?" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ग्रीसमधील एपिडॉरस हे अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेचे क्षेत्र. तेथील नऊ वास्तूंना इ.स.पू. चौथ्या शतकातले दगडी उतार आहेत, एकूण अकरा. डेबी स्नीड या संशोधिकेने २०२० मध्ये मांडले की ते चालता न येणाऱ्या भक्तांसाठी होते. हे मत सर्वांना मान्य नाही. पण आपला चुल्लवग्ग तर नियमाचे कारणही शब्दांत लिहून ठेवतो: लोक पडतात, म्हणून.

२१/
जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले, तेव्हा कार्यकर्ते जावेद आबिदी यांच्या पाठपुराव्यामुळे पुरातत्त्व खात्याने कुतुबमिनारासह चार स्मारकांत घाईघाईने लाकडी उतार बसवले. एका जगप्रसिद्ध पाहुण्यासाठी जे काही दिवसांत शक्य झाले, ते इतरांसाठी का नाही, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. ३ डिसेंबर २०२०, जागतिक दिव्यांग दिन: अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर नवी लिफ्ट सुरू झाली. तेथेही वाद झालाच, विशेषतः काँक्रीटच्या वाटांवरून.

२२/
आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेतो, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ वरून ४ टक्क्यांवर नेतो, आणि नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सर्व सार्वजनिक इमारती सुगम कराव्यात असे सांगतो. नियम २०१७ चे. मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा मूळ नियमच (नियम १५ चे पहिले उपकलम) कायद्याशी विसंगत ठरवला. कारण तो केवळ मार्गदर्शनपर होता, बंधनकारक नव्हता. रतुरी स्वतः दृष्टिबाधित. त्यांची याचिका २००५ ची. तीनदा याचना करणाऱ्या भिक्खूला इतकी वाट पाहावी लागली नसावी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून अधिक होती.

२३/
भाज्याला लिफ्ट बसवा, असे माझे म्हणणे नाही. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, आणि ती असावीच. मावळाचा कातळ एकदा फोडला की परत येत नाही. पण पायऱ्यांना हाताच्या उंचीचा सलग कठडा, टप्प्याटप्प्यावर बसायला ओटे, पायऱ्यांच्या कडांना अधू दृष्टीला दिसेल असा रंगभेद, पायथ्याशी चैत्यगृहाची हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती, यांसाठी लेणे फोडावे लागत नाही. स्तूपांवरच्या ब्राह्मी अक्षरांचे ठसेही तेथे ठेवता येतील. कोरलेले अक्षर हा मुळात बोटांनी वाचता येणारा लेख आहे. मूळ दगडाला हात लावायचा नाही, हे बरोबर. ठशाला लावायला हरकत नाही. अंध विद्यार्थ्याला 'थेर' हा शब्द त्याच वळणांत वाचता येईल, ज्या वळणांत तो कोरला गेला.

२४/
धागा लांबला. आता एक काम तुमच्याकडे. पुढच्या खेपेला भाजे, कार्ले, बेडसे किंवा कुठल्याही लेण्याला गेलात, तर पायऱ्या मोजा. कठडा कोठे सुरू होतो, कोठे तुटतो, बसायला जागा कोठे आहे, तिकीटघराच्या खिडकीची उंची किती, चाकाची खुर्ची कोठपर्यंत नेता येते, हे टिपून खाली प्रतिसादात लिहा. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांनाच विचारा. कोणत्या पायरीवर थांबावेसे वाटले, ते त्यांना नेमके आठवते.